नमुना नसलेला हिरवा

खद... खद... खद...

चुनकळी पाण्यात पडली की असा आवाज होतो. खाली जाळ नाही, लाकूड नाही, आणि मडकं आपलं उकळत राहतं. मुरलीधर भावसारानं हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो बापाच्या खांद्यावर होता, आणि भिऊन त्यानं बापाचे केस मुठीत धरले होते. याच मठात. याच पायरीपाशी.

आता त्याचेच केस पांढरे झाले होते, आणि मडकं तसंच उकळत होतं.

"मग यातला खरा डोळा कोणता, बुवा?" त्यानं पुन्हा विचारलं.

सुंदरगीर बुवा मडक्यात काठी फिरवत होते. वर न बघता म्हणाले, "आधी मागं सर. शिंतोडा उडेल. आत्ताच केलायस ना डोळा?"

मुरलीधर मागं सरला.

"सांगा ना, बुवा."

"काठी धरतोस?"

"काठी कसली घेऊन बसलात! मी काय विचारतोय..."

"ऐकलं. खरा डोळा कोणता." बुवांनी कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "कठीण आहे बुवा," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि काठी फिरवत राहिले.

दसरा जवळ आला की बुवा मठाला चुना लावत. कुणाला बोलवत नसत. मठ म्हणजे तरी काय, गावाबाहेरच्या टेकाडावर एक खोली, पुढं ओटा, एक कडुनिंब आणि भोवती कुंपण. त्या दिवशी खोलीतलं सगळं बाहेर येई. घागर, चटई, देवाचा पाट, बुवांचं अंथरूण, सगळं कडुनिंबाखाली मांडलेलं. बघणाऱ्याला वाटावं, बुवा निघाले कुठंतरी.

आणि मुरलीधर भावसार म्हणजे गावचा रंगारी. पैठणी विणणाऱ्यांचं रेशीम त्याच्याकडे रंगायला येई. विणकर हातात धाग्याचा नमुना घेऊन येत, म्हणत, असा पाहिजे. आणि नमुन्याला नमुना असा जुळे की दोन धागे शेजारी ठेवले तर कुठला आणलेला नि कुठला रंगवलेला, हे आणणाऱ्यालाही सांगता येऊ नये. त्याला याचा ताठा होता. तो असणारच. 'माझ्या डोळ्याला तागडी लागत नाही,' असं तो चारचौघांत म्हणायचा.

त्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. उजवा आधी पिकला. मुलीनं तालुक्याला नेऊन त्याचं ऑपरेशन करून आणलं. डाव्याची तारीख उद्याची होती.

"उद्या मी जाणार नाही," मुरलीधर म्हणाला.

"बरं."

"बरं काय! विचारा तरी, का जाणार नाही."

"का जाणार नाहीस?"

मुरलीधरनं दवाखान्याचा काळा चष्मा काढून हातात घेतला. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि उजव्यानं बुवांकडे बघितलं. मग उजव्यावर ठेवून डाव्यानं. नवा छंद लागलेल्या लहान मुलासारखं त्याचं हेच चाललेलं असे. घरी, रस्त्यात, जेवताना.

"पट्टी निघाली त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीवर कावळा बसला होता," तो म्हणाला. "त्याची मान निळी, बुवा! कावळ्याची! मी म्हटलं, हा कुठला पक्षी? डॉक्टर हसला. मग बघतो तर दुधाच्या पातेल्याच्या कडेला निळं. झाडाच्या सावलीत निळं. मुलीच्या हाताच्या शिरा निळ्या. सगळीकडं निळं सांडलेलं. मी घाबरलो. म्हटलं, डोळा बिघडवला यांनी."

"मग?"

"डॉक्टर म्हणाला, आजोबा, हा सुधारलेला आहे. बिघडलेला तो दुसरा. म्हणाला, मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्याला पिवळी काच लावल्यासारखं होतं. हळूहळू होतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. निळं आधी जातं."

"बरं झालं मग. कळलं."

"बरं कसलं झालं!"

मुरलीधर एवढ्या जोरात बोलला की कडुनिंबावरची साळुंकी उडाली. मग तो पायरीवर बसला.

हातातला चष्मा त्यानं शेजारी ठेवला.

खद... खद... मडकं आता शांत होत आलं होतं.

"सगुणाचं लुगडं," तो म्हणाला.

बुवांनी काठी थांबवली.

सगुणा म्हणजे मुरलीधरची बायको. तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते. ती होती तोवर दर वर्षी नवरात्राच्या आधी मुरलीधर तिच्यासाठी एक सुती लुगडं रंगवायचा. हिरवं. लग्नातल्या हिरव्यासारखं हिरवं. आधी पिवळ्यात बुडवायचं, मग निळ्यात. निळ्यातनं नेमकं कधी बाहेर ओढायचं, सगळं कसब तेवढंच. कामकऱ्याला तो या लुगड्याला हात लावू देत नसे. आणि विणकरांच्या कामाला नमुना असायचा, या कामाला नसायचा. नमुना त्याच्या मनात होता.

"परवा तिची पेटी उघडली," तो म्हणाला. "शेवटचं लुगडं काढलं. घडीसुद्धा मोडली नव्हती हो तिनं, एकदाच नेसली होती. उजव्या डोळ्यानं बघितलं, बुवा..."

"हं."

"निळं आहे."

"हं."

"हिरव्याचा अंश असेल नसेल. चक्क निळं! मी डाव्यानं बघितलं, तर हिरवंगार. माझ्या लग्नातलं. उजव्यानं बघितलं, निळं." त्याचा आवाज बारीक झाला. "दर वर्षी मला ते थोडं पिवळट वाटायचं. मग मी दर वर्षी निळ्यात आणखी एक बुडी द्यायचो. आणि ऐटीत तिच्या अंगावर टाकायचो. घे, म्हणायचो, असा हिरवा पंचक्रोशीत मिळायचा नाही."

"ते खरंच मिळत नसणार," बुवा म्हणाले.

"चेष्टा करू नका, बुवा."

"नाही करत."

"एकदा हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. शेजारच्या बायजाबाई म्हणाल्या, अगं सगुणा, सगळ्या हिरव्यात आल्या आणि तू निळं कसं नेसलीस? तर ही म्हणाली, हिरवंच आहे ते. रंगाऱ्याला विचारा. आणि मी... मी ओट्यावरनं ओरडलो, बायजाबाई, डोळे तपासून घ्या! भावसाराच्या घरचा हिरवा आहे!"

बुवा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले. मग त्यांना काठी सोडून पोट धरावं लागलं.

"हसता काय, बुवा?"

"बायजाबाई काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? गप बसल्या. सगळ्या हसल्या."

"सगुणाबाई?"

"तीपण हसली."

"कशी?"

"कशी म्हणजे? हसली. हसतात तशी."

बुवांनी काठी पुन्हा हातात घेतली. मुरलीधर मातीकडे बघत राहिला. कशी हसली होती ती? तोंडाला पदर लावला होता, एवढं आठवत होतं. पदराच्या मागं काय होतं, ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. गेल्या दोन रात्री त्याला झोप नव्हती ती त्या पदरापायीच. ती लाजेनं हसली असेल. मनातल्या मनात रडली असेल. चारचौघींत बायको निळ्याला हिरवं म्हणत उभी, आणि नवरा ओट्यावर मिशीला पीळ देतोय.

"या डाव्या डोळ्यात ती अजून हिरव्यात आहे, बुवा," तो म्हणाला. "हाच डोळा तेवढा उरलाय. उद्या हाही केला, तर ती सगळी वर्षं निळी होतील. मग मी तिला काय नेसवत होतो? कुणाकुणाच्या हसण्यापुढं तिला उभी करत होतो? म्हणून विचारतोय. खरा डोळा कोणता तेवढं सांगा. हा खरा म्हणालात तर मी उद्या जात नाही. आहे तसा मरेन."

बुवांनी ओट्यावरची फडक्याची पुरचुंडी उचलली. तिच्यात नीळ होती. ती चुन्यात बुडवून त्यांनी गोल फिरवली, बाहेर काढली, पिळली.

"तू रंगारी आहेस. बघ बरं, नीळ पुरे का?"

मुरलीधरला राग आला. पण हात आपोआप डोळ्यावर गेला. जन्माची सवय.

उजव्यानं बघितलं. "जास्त झाली."

डाव्यानं बघितलं. "अजून लागेल."

"मग कुणाचं ऐकू?"

"तेच तर मी मघापासून विचारतोय!"

बुवांनी कुंचा बुडवला आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक पट्टा ओढला.

"आता बघ."

मुरलीधरनं बघितलं. एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं. ओला चुना भिंतीवर राखेच्या पाण्यासारखा दिसत होता. खालचे जुने पोपडे त्यातनं डोकावत होते.

"दोन्ही डोळ्यांना घाण दिसतंय," तो म्हणाला.

"वा!" बुवांना फार आनंद झाला. "एकमत झालं एकदाचं."

आणि ते दुसरा पट्टा ओढायला लागले.

मुरलीधरला वाटलं, उठावं आणि जावं. म्हाताऱ्याला चळ लागलाय. आपण इथं जीव टांगणीला लावून आलोय आणि याला भिंत सुचतेय. पण उठवेना. घरी जाऊन तरी काय, पेटीच होती.

ऊन चढत होतं. कुंचा सपसप फिरत होता.

"मुरली," बुवा पाठमोरेच म्हणाले, "बसलाच आहेस तर ते माझं अंथरूण उन्हात टाक. माझे हात चुन्याचे आहेत. गोधडी तेवढी कुंपणावर पसर. खालची बाजू वर कर, तिला वर्षभर ऊन लागलेलं नाही."

मुरलीधर उठला. नाइलाजानं उठतात तसा.

गोधडी त्यानं ओळखली. सगुणानंच दिली होती ती मठाला, जायच्या आधीच्या हिवाळ्यात. वरची बाजू छापाच्या जाड कापडाची, मळखाऊ. बुवा तीच बाजू वर ठेवून निजत. खालची बाजू त्याला आठवत होती. सगुणा ती ठिगळं जोडायला बसायची, दिवस दिवस. तिच्या जुन्या लुगड्यांची होती सगळी. तो येता-जाता म्हणायचा, काय गं, सगळी हिरवीच ठिगळं! एकाच रंगाची गोधडी कुणी शिवतं का? जरा रंग तरी बदलायचा.

ती काहीतरी म्हणाली होती त्यावर. काय म्हणाली होती...

त्यानं गोधडी उचलली. जड होती. झटकली. उलटी करून कुंपणावर टाकली, दोन्ही हातांनी सुरकुत्या काढल्या, आणि दोन पावलं मागं झाला.

आणि तसाच उभा राहिला.

डावीकडच्या कोपऱ्यात हिरवा होता. नव्या नवरीचा, कोवळ्या पानाचा. त्याच्या शेजारी पिकल्या पानाचा. मग शेवाळ्याचा. मग कुठं तरी मधे तो हिरवा, ज्याला एकदा ऊन लागलं की मोराची मान आठवते. आणि मग पुढं, ठिगळामागून ठिगळ, हिरवा हळूहळू निळ्यात उतरत गेला होता. तळ्याचा निळा. दिवेलागणीच्या आभाळाचा निळा. शेवटच्या कोपऱ्यात जवसाच्या फुलाचा.

एकही ठिगळ पुढं-मागं झालेलं नव्हतं.

ज्या ओळीनं त्यानं रंगवली, त्याच ओळीनं तिनं लावली होती. आणि पांढऱ्या धावदोऱ्याच्या रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाऱ्यानं पाण्यावर उठाव्यात तशा.

मुरलीधरचा हात डोळ्यावर गेला. उजव्यावर.

डाव्या डोळ्यानं बघितलं. एकच हिरवं. या टोकाचं त्या टोकाला तेच.

हात काढला.

सगळं परत उमटलं.

"काय गं, सगळी हिरवीच ठिगळं!" तो म्हणाला होता. आणि तिनं सुईतला दोरा दातांनी तोडला होता, मान वर केली होती. डोळ्यांत हसू मावत नव्हतं तिच्या. पदरबिदर काही नव्हता तोंडावर. म्हणाली होती,

"बदललाय की."

एवढंच. आणि पुढचं ठिगळ घेतलं होतं.

मुरलीधरच्या छातीतनं एक आवाज निघाला. आधी तो हुंदक्यासारखा होता. मग हसण्यासारखा झाला. मग दोन्ही एकदम. तो कुंपणाला धरून हसत होता आणि नव्या डोळ्यातनंही पाणी येत होतं, जुन्या डोळ्यातनंही. दोन दिवस छातीवर धरलेला दगडाचा पाटा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला होता.

"लबाड," तो म्हणाला. "लबाड बाई! ठाऊक होतं तिला. सगळं ठाऊक होतं, बुवा! पहिल्यापासून!"

बुवा भिंतीला कुंचा लावत राहिले.

"बायजाबाई बोलल्या तेव्हाही ठाऊक होतं. पदराआड मलाच हसत होती. आणि शिवत बसली! माझ्या डोळ्यांदेखत शिवत बसली!"

त्यानं गोधडीवर हात फिरवला. मोराच्या मानेवरनं आभाळाकडे, आभाळाकडनं पुन्हा पानाकडे. कडुनिंबाची सावली गोधडीवर हलत होती. सावलीच्या कडेला निळं होतं, अगदी थोडं. काल त्याला त्या निळ्याचा धसका बसत होता. आज तो त्याच्याकडे बघत राहिला. फांदीवर कावळा येऊन बसला. त्याची मान चकाकली.

"अरे वा," मुरलीधर कावळ्याला म्हणाला.

मग तो पुन्हा गोधडीकडे वळला. चेहऱ्यावर एक शंका आली. लहानशीच.

"पण बुवा... तिनं मला सांगितलं का नाही?"

कुंचा थांबला. बुवांनी तो मडक्यात ठेवला. हात घागरीच्या पाण्यानं धुतले, धोतराला पुसले. सावकाश चालत कुंपणापाशी आले.

"एक टोक धर," म्हणाले.

मुरलीधरनं एक टोक धरलं. बुवांनी दुसरं. मोठी गोधडी एका माणसाकडनं नीट घडी होत नाही. दोघांनी ती ताणली, झटकली. मग बुवा आपलं टोक घेऊन त्याच्याकडे चालत आले, आणि पहिल्या कोपऱ्यातला हिरवा शेवटच्या कोपऱ्यातल्या निळ्यावर बरोबर जाऊन बसला.

बुवांनी घडी हातानं दाबली. पुन्हा घडी केली. पुन्हा दाबली. आणि गोधडी मुरलीधरच्या हातांत दिली.

पलीकडं भिंतीवरचा पहिला पट्टा वाळला होता. डोळे दिपत होते त्याच्याकडे बघून, इतका पांढरा झाला होता.

मुरलीधर गोधडी छातीशी धरून उभा होता. काही विचारायचं होतं, पण ते आता सापडत नव्हतं. काळा चष्मा पायरीवरच राहिला होता. बुवांनी तो उचलला, त्याच्या खिशात घातला.

"दुसरा डोळा झाला की गोधडी परत आणून दे," बुवा म्हणाले. "थंडी पडायच्या आत. मला पांघरायला दुसरं नाही."

मुरलीधर गोधडी घेऊन टेकाड उतरू लागला.